ठासणीची बंदूक : लाकूड उजळताना, लोखंडाला रंग देताना

ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून भरून गजाने ठासतात. खानदेशात अशा बंदुका मुख्यतः दोन वाटांनी घरात आल्या. काही पीकसंरक्षणाच्या परवान्यावर, रानडुकरे हाकण्यासाठी घेतलेल्या. काही त्याहून जुन्या, वाड्याच्या खुंटीवर राहून गेलेल्या. चाळीसगावाहून कन्नडकडे चढणाऱ्या औट्रम घाटाला ज्याचे नाव मिळाले, त्या जेम्स औट्रमने 1825 मध्ये खानदेशात भिल्लांची पलटण उभारली. त्या काळी कंपनी सरकारच्या बंदुका चकमकीच्या, म्हणजे गारेच्या ठिणगीवर उडणाऱ्या असत. टोपीच्या, म्हणजे निपलावर बसवलेल्या स्फोटक टोपीवर घोडा आपटून उडणाऱ्या, बंदुका लष्करात 1840 च्या दशकात रुळल्या. त्याआधीची देशी बंदूक तोड्याची, म्हणजे जळत्या वातीची.

जिच्या लाकडावर तेल-पॉलिश नाही आणि लोखंडावर रंग नाही, ती अपुरी बंदूक. ती नवीच असते असे नाही. बरेचदा कोणीतरी उत्साहाने दस्ता खरवडून ठेवलेला असतो आणि पुढे काम अडलेले असते. कधी तुटलेल्या दस्त्याच्या जागी नवा कोरा दस्ता बसवून आणलेला असतो. कधी गंज काढण्यासाठी वापरलेल्या तेजाबाने नळी पांढरी पडलेली असते. परदेशातल्या नातलगाने घेतलेले जोडणीचे किट ही चौथी तऱ्हा. चारही ठिकाणी पहिली विचारणा ‘पॉलिश कोणते?’ हीच होते. ते ठरवण्याआधी दोन गोष्टी पाहाव्या लागतात : कागद आणि नळी.

परवाना कोणाच्या नावावर?

शस्त्र अधिनियम 1959 मध्ये ठासणीची बंदूकही अग्निशस्त्रच आहे. ‘जुनी आहे, चालत नाही, म्हणून कागद लागत नाही’ हा समज खानदेशात घट्ट रुजलेला आहे आणि तो अर्धाच खरा आहे. कलम 45 ने सूट दिली आहे ती कालबाह्य, पुरातन मोलाच्या किंवा नादुरुस्त अशा शस्त्राला, आणि तेही दुरुस्ती करून किंवा न करता अग्निशस्त्र म्हणून वापरता येण्याजोगे उरले नसेल तरच. नळी धड असून फक्त घोडा मोडलेला असेल, तर ती बंदूक या सवलतीत बसेलच असे धरून चालू नका. निर्णय मालकाने मनाशी न करता परवाना प्राधिकाऱ्याकडून लेखी घ्यावा. चाळीसगाव तालुक्यासाठी ते काम जळगावच्या जिल्हादंडाधिकारी कार्यालयात होते.

- परवानाधारकाचे निधन झाले असेल, तर बंदूक घरात ठेवून पॉलिश सुरू करू नये. बाळगणे कायदेशीर उरले नसेल, तर कलम 21 प्रमाणे ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी लागते. जमा केल्याने हक्क लगेच जात नाही. पावती जपून ठेवावी आणि वारसाने मुदतीत अर्ज करावा.
- शस्त्र नियम 2016 मधील नियम 25 नुसार वारसाला परवाना मागता येतो. परवानाधारक हयात असतानाही, त्याने 70 वर्षे पूर्ण केल्यावर किंवा शस्त्र 25 वर्षे बाळगल्यावर, ते कुटुंबातील वारसाकडे देण्याची सोय याच नियमात आहे. वडील हयात असतानाच हे उरकणे सोयीचे. मागाहून भावाभावांच्या सह्या गोळा करण्यात वर्ष जाते.
- 2019 च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात, आणि वारशाने आलेलेही त्यातच मोजले जाते. परवान्याची मुदत मात्र तीनवरून पाच वर्षांची झाली.

कलम 5 मुळे अग्निशस्त्राची निर्मिती आणि दुरुस्ती हे परवाना असलेल्यांचेच काम आहे. पुसणे, तेलाचा हात फिरवणे ही मालकाने राखायची निगा. दस्ता घासून नव्याने तेलवणे किंवा नळीला रंग देणे यांपैकी कशात मोडते यावर पुढे वाद नको असेल, तर शस्त्र शाखेला एक अर्ज देऊन उत्तर घ्यावे. घोडा, चाप, निपल, नळीची मागची बूच यांची डागडुजी घरी करू नका. ओळखीच्या सुताराकडे किंवा लेथवाल्याकडे बंदूक सोडून येणे तर आणखी धोक्याचे, कारण बिनपरवाना ताबा त्याच्याकडे जातो आणि गुन्हा दोघांवर येतो. परवानाधारकासमोर किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर दुसऱ्याला बंदूक दुरुस्तीसाठी नेता येते. ही मुभा कलम 3 मध्येच आहे, पण नेणे परवाना असलेल्या दुरुस्तीवाल्याकडे.

नळी रिकामी आहे का?

भिंतीवरच्या जुन्या बंदुकीत पन्नास वर्षांपूर्वीचा बार तसाच असू शकतो. काळी दारू कोरडी राहिली तर दशकानुदशके जिवंत राहते. तपासणी सोपी आहे. तोंड माणसांपासून आणि स्वतःपासून दूर ठेवून लाकडी गज नळीत हलक्या हाताने शेवटपर्यंत सोडावा, तोंडाशी आला तिथे पेन्सिलीची खूण करावी, मग गज बाहेर काढून, खूण तोंडाशी जुळवून, नळीच्या बाजूला धरावा. गजाचे टोक नळीच्या कानापर्यंत, म्हणजे आग आत जाते त्या भोकापर्यंत, पोचत असेल तर नळी रिकामी. दोन-चार बोटे अलीकडेच थांबत असेल तर आत काहीतरी आहे. ते कुंभारमाशीचे घरटे असेल किंवा बार असेल. कोणतेही असो, उकरू नका, नळी तापवू नका, फुंकू नका. बंदूक तशीच ठेवून परवानाधारक शस्त्रविक्रेत्याला किंवा पोलीस ठाण्याला कळवावे.

जुन्या दारूच्या शिंगात किंवा डबीत भुकटी उरली असेल तर तीही त्यांच्याच स्वाधीन करावी. शिंग सांबराचे किंवा डबी हस्तिदंताची असेल, तर वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 चा प्रश्न वेगळा उभा राहतो आणि त्यासाठी वन विभागाकडे जावे लागते.

जे पुसायचे नाही

घासायला बसण्यापूर्वी बंदुकीचे चांगल्या उजेडात फोटो काढावेत. नळीच्या मागच्या अंगाला, घोड्याच्या पट्टीवर, कधी दस्त्याच्या बाजूला ठसे असतात : कारखान्याचे नाव, क्रमांक, बर्मिंगहॅम किंवा लंडनचा नळी-चाचणीचा शिक्का, ‘टॉवर’ हा शब्द, ईस्ट इंडिया कंपनीचे बदामाच्या आकारात चार खणांचे चिन्ह. कलम 8 प्रमाणे अग्निशस्त्रावरचे नाव, क्रमांक किंवा ओळखचिन्ह खोडणे, काढणे वा बदलणे हा गुन्हा आहे. ‘पॉलिश पेपर मारताना गेला’ हे उत्तर चालत नाही. ठशांवर आधीच चिकटपट्टी लावावी आणि तेवढी जागा फक्त तेलाच्या बोळ्याने पुसावी.

गुन्ह्याचा भाग सोडला तरी व्यवहार सांगतो की जुन्या बंदुकीची किंमत तिच्या न घासलेल्या अंगातच असते. लोखंडावर शंभर वर्षांत चढलेला करडा-तपकिरी थर हा लोखंड खाणारा गंज नव्हे, तो त्या लोखंडाचा आजचा रंग आहे. तो स्थिर असेल, हाताला लाल लागत नसेल, तर त्याला हात लावू नये. नव्याने रंग देणे हा उपाय आधीच उघड्या पडलेल्या लोखंडासाठी.

देशी तोड्याच्या बंदुकीची नळी कित्येकदा पीळ दिलेल्या लोखंडी पट्ट्या वळवून घडवलेली असते. तलवारीच्या पात्यावर दिसतो तसा जौहर तिच्यावर असतो. बफिंग मशीनवर एकदा धरली की तो नाहीसा होतो. शस्त्रांना ओप देणे हे शिकलगारांचे पिढीजात काम. तसा जुना हात कोणाला मिळाला तर त्याचा सल्ला घ्यावा, मात्र ताबा आणि परवान्याचे वर सांगितलेले नियम त्यालाही लागू आहेत.

लाकूड

विलायती बंदुकांचा दस्ता बहुधा अक्रोडाचा असतो, देशी बंदुकांचा शिसमाचा किंवा सागाचा. हे ओळखणे तेल लावताना उपयोगी पडते. अक्रोड तेल पितो, साग स्वतःच तेलकट असल्याने पिणे टाळतो. सागाला आधी टर्पेंटाइनच्या बोळ्याने पुसून घ्यावे लागते.

जुना दस्ता मळलेला असेल तर पॉलिश पेपर हाती न धरता टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या कापसाने मळ काढावा. कापूस काळा निघायचा थांबला की निम्मे काम झाले. पुष्कळदा पूर्ण झालेले असते. धाब्याच्या घरात चुलीवरच्या भिंतीला टांगलेल्या दस्त्यावर धुराचा थर एवढा असतो की खालचे मूळ तेल शाबूत निघते.

खोक पडली असेल आणि लाकडाचे तंतू तुटलेले नसतील, तर ती भरावी लागत नाही. सुती फडक्याची चौपदरी घडी ओली करून त्या जागी ठेवावी आणि वरून इस्त्रीचे फक्त टोक दोन-तीन सेकंद टेकवावे. चर्र आवाज होतो, वाफ लाकडात शिरते आणि दबलेले तंतू फुगतात. फडके उचलून बोट फिरवावे. खोक अर्धी वर आलेली असते. पुन्हा ओले, पुन्हा इस्त्री. चौथ्या-पाचव्या वेळेला ती शोधावी लागते. हे करताना लोखंडी भाग उतरवलेले असावेत. नळी दस्त्यातून काढताना खिळी, पाचर किंवा शेपटीचा स्क्रू अडला तर ठोकू नका. तिथून पुढचे काम दुरुस्तीवाल्याचे.

कोरा दस्ता असेल तर घासणी अशी :

- 120, 180, 220 आणि शेवटी 320 नंबरचा पॉलिश पेपर, नेहमी रेषांच्या दिशेने. कागदामागे रबराचा तुकडा धरावा, बोटांनी घासल्यास लाकडात लाटा पडतात.
- घोड्याच्या पट्टीभोवतीच्या कडा गोल करू नयेत. पट्टीवर चिकटपट्टी लावून ती जागेवर बसवावी आणि मगच आसपास घासावे, म्हणजे लाकूड लोखंडापेक्षा खाली जात नाही.
- 320 नंतर ओल्या फडक्याने दस्ता पुसून वाळू द्यावा. बारीक कुसळे उभी राहतात. ती वापरलेल्या जुन्या 320 च्या कागदाने उडवावीत. असे दोनदा-तीनदा.
- तोंडाला फडके बांधावे. शिसमाची धूळ घशाला आणि कातडीला बाधते.

लाकडाला गडदपणा हवा असेल तर बाजारातला रंग घेण्यापूर्वी काष्ठौषधीच्या दुकानातले रतनजोत आठवावे. जवसाच्या तेलात ही मुळे आठ-पंधरा दिवस भिजू दिली की तेल माणकासारखे लाल होते. विलायतेतले बंदूक घडवणारेही अशाच जातीच्या मुळांनी तेल रंगवत आले आहेत. अक्रोडावर ते खुलते. सागावर जरा तांबूसच दिसते, म्हणून आधी दस्त्याच्या आतल्या, न दिसणाऱ्या भागावर लावून पाहा.

तेल कोणते?

घरातले कोणतेही तेल चालते ही समजूत सगळ्यात जास्त दस्ते बिघडवते. जळगाव-धुळ्यात सरकीचे आणि शेंगदाण्याचे तेल हाताशी असते, पण सरकीचे अर्धवट वाळते आणि शेंगदाण्याचे वाळतच नाही. दोन्हींचा चिकट थर राहतो, त्यावर धूळ बसते, उन्हाळ्यात वास येतो. खोबरेल तर थंडीत गोठते. हवेत वाळून घट्ट पापुद्रा धरणारे तेल म्हणजे जवसाचे. घाण्याचे कच्चे जवस तेल चालते, पण पातळ हातालाही वाळायला कित्येक दिवस घेते. रंगाच्या दुकानात मिळणारे उकळलेले जवस तेल बहुधा एक-दोन दिवसांत वाळते, कारण त्यात वाळवणारी द्रव्ये असतात. ते पोटात जाऊ देऊ नये.

पहिला हात निम्मे तेल, निम्मे टर्पेंटाइन असा. वीस-पंचवीस मिनिटांनी वर उरलेले सगळे पुसून टाकावे. हे पुसणे राहिले की तेल डिंकासारखे चिकटून बसते आणि मग खरवडल्याशिवाय निघत नाही. दोन दिवसांनी दुसरा हात : तळव्यावर चार-पाच थेंब घेऊन लाकूड गरम लागेपर्यंत चोळावे. असे आठ-दहा हात, प्रत्येक वाळल्यावर पुढचा. घाई केलेला दस्ता पुढच्या पावसाळ्यात हाताला चिकटतो.

नळी बसते तो खोबणीचा भाग, घोड्याच्या यंत्राची खोबण आणि दस्त्याच्या मागच्या पत्र्याखालचे उघडे टोक हे तिन्ही बहुतेक जण कोरे सोडतात, कारण ते दिसत नाहीत. चाळीसगावी मे महिन्यात लाकूड कडकडीत वाळते आणि जुलैत ओल ओढते. ती ओल याच कोऱ्या जागांतून आत जाते, दस्ता वाकतो किंवा यंत्राच्या खोबणीपाशी चिरतो. तिथे पातळ तेलाचे दोन हात पुरतात. तेलकामाला दिवाळीनंतरचे ते शिमग्यापर्यंतचे दिवस बरे. वैशाखात वाऱ्याने उडालेली माती ओल्या तेलावर बसते.

चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेले पॉलिश चकाकते, पण पाण्याच्या थेंबाने त्यावर पांढरा डाग उठतो. तेलाखाली एखादा पातळ हात म्हणून ते ठीक. फर्निचरवाल्यांचे मेलामाईन किंवा पीयू मात्र नको. प्लास्टिकसारखा थर चढतो, सुटू लागला की पापुद्र्यांनी सुटतो, आणि तो काढताना खालचे लाकूडही जाते. खडूची पूड भरून छिद्रे बुजवण्याची सुतारांची सवयही इथे आवरावी. वर्षभरात छिद्रे पांढरी दिसू लागतात.

जवसाच्या चिंध्या

हा भाग वगळू नका. जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते. तेलाने माखलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला, तर ती उष्णता आतच कोंडते आणि बोळा काडी न लावता पेटतो. चाळिशीपार गेलेल्या उन्हाळ्यात आणि कापूस साठवलेल्या घरात हा धोका किती, हे वेगळे सांगायला नको. काम संपताच चिंध्या दोरीवर एकेक पसरून मोकळ्या हवेत वाळवाव्यात, किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून घराबाहेर ठेवाव्यात.

लोखंड

लाल, हाताला लागणारा गंज आधी थांबवावा लागतो. शिवणयंत्राचे तेल लावून रात्रभर ठेवावे आणि सर्वांत बारीक स्टील वूलने हलके फिरवावे. जोर तेलाचा असावा, हाताचा नसावा. मिठाचा तेजाब, चिंच, लिंबू वापरू नयेत. गंज जातो, पण त्यासोबत लोखंडालाही खड्डे पडतात आणि दोन दिवसांत नवा गंज उठतो.

उघड्या नळीला तपकिरी रंग देण्याची जुनी रीत म्हणजे नियंत्रित गंज : पातळ गंज आणायचा, घासायचा, पुन्हा आणायचा, आणि शेवटी थांबवायचा. जुन्या पाककृतींत नायट्रिक आम्ल आणि पाऱ्याचे क्षार असत. घरी त्यांच्या वाटेला जाऊ नये. कल्हईवाला वापरतो तो नवसागर पुरतो. उकळून गार केलेल्या कपभर पाण्यात एक चमचा.

1. नळीचे तोंड आणि कान लाकडी खुंट्यांनी बंद करावेत. आत पाणी जाता कामा नये.
2. नळी ओल्या चुन्याने चोळून तेलकटपणा काढावा आणि चुना स्वच्छ धुऊन नळी लगेच कोरडी करावी. चुना आणि नवसागर एकत्र आले की डोळ्यांतून पाणी काढणारा अमोनिया सुटतो. ब्लीचिंग पावडरही आसपास नको. यानंतर नळीला उघडा हात लावू नये, बोटाचा ठसा रंगात उमटतो.
3. बोळा जवळजवळ कोरडा पिळून, एका दिशेने, एकच हात फिरवावा. ओघळ आला तर तो कायमचा दिसेल.
4. नळी दमट जागी टांगावी. श्रावण-भाद्रपदात बंद खोली पुरते. उन्हाळ्यात पेटीत पाण्याची वाटी ठेवावी लागते, नाहीतर गंज धरतच नाही.
5. बारा ते चोवीस तासांनी जाड गोणपाटाने कोरडेच घासून सुटा गंज झाडावा आणि पुढचा हात द्यावा.

पहिल्या दिवशी नळी पाहून हिरमोड होतो. बुरशी आल्यासारखे ठिपके, मध्ये लोखंड तसेच चमकते. तिसऱ्या हाताला ठिपके एकमेकांना भिडतात. सहाव्या-सातव्याला काकवीचा रंग येतो आणि पीळदार नळी असेल तर पट्ट्यांच्या रेषा उठून दिसतात. तिथेच थांबावे. खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने धुवावे, मग साध्या गरम पाण्याने दोन-तीनदा, कोरडे करून गरम असतानाच तेल चोळावे. सोडा टाळला तर नवसागराचा अंश आत राहतो आणि महिन्याभराने तेलाखालून ताजा लाल गंज फुटतो.

तपकिरीऐवजी निळसर काळा रंग हवा असेल, तर प्रत्येक हातानंतर गंजलेली नळी उकळत्या पाण्यात बुडवतात. लाल गंज त्याने काळा होतो. नळीएवढे लांब भांडे आणि पक्क्या खुंट्या लागत असल्याने हे काम परवानाधारक कारागिराकडेच सोपवलेले बरे.

पितळी पट्ट्या सोन्यासारख्या लखलखीत करण्याचा मोह आवरावा. भांड्यांच्या पावडरीने कोरीव नक्षी झिजते आणि पांढरी पूड लाकडाच्या फटीत कायमची बसते. मऊ फडके आणि थोडे मेण एवढेच.

परदेशातून आणलेले किट

अमेरिकेत ठासणीच्या रायफलीचे किट मिळते. त्यात दस्ता कोरा आणि लोखंड बिनरंगी असते, खरेदीदार ते घरी पूर्ण करतो. तिथल्या 1968 च्या संघीय कायद्यात अशा जुन्या धर्तीच्या बंदुकांना मोठी सूट आहे, पण राज्यांचे नियम निराळे असतात आणि आधी ते पाहावे लागतात. ब्रिटनमध्ये ठासणीच्या अशा नव्या रायफलीलाही प्रमाणपत्र लागते. वर सांगितलेली तेलाची आणि रंगाची रीत तिथल्या मराठी घरांनाही जशीच्या तशी लागू पडते, फक्त थंड प्रदेशात तेल सावकाश वाळते.

ते किट सुट्टीत चाळीसगावी आणण्याचा विचार मात्र सोडून द्यावा. भारतात अग्निशस्त्राच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात, आयातीला कलम 10 प्रमाणे परवाना लागतो, आणि भाग जोडून बंदूक पूर्ण करणे ही निर्मिती ठरते. उलट दिशेनेही अडचण आहे. शंभर वर्षांहून जुनी बंदूक पुरावस्तू ठरते आणि 1972 च्या पुरावस्तूविषयक कायद्यानुसार खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही.

दसऱ्यानंतर

काम पूर्ण झालेली बंदूक बाहेरच्या भिंतीला टांगू नये, पावसाळ्यात तिथे ओल असते. कापडी किंवा चामडी खोळही नको, ती ओल धरून ठेवते. कुलूपबंद कपाटात, तोंड खाली करून उभी ठेवावी, म्हणजे नळीतले तेल दस्त्यात झिरपत नाही. दर दोन महिन्यांनी, आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला, शिवणयंत्राच्या तेलाचा हात फिरवावा. दस्त्याला वर्षातून एकदा जवसाचे दोन-चार थेंब पुरतात.

दसऱ्याला शस्त्रपूजेत नळीवर हळद-कुंकू वाहतात, पाणी शिंपडतात आणि पुष्कळ घरांत बंदूक तशीच दुसऱ्या दिवसापर्यंत पाटावर राहते. ओल्या कुंकवाखाली एका रात्रीत गंजाचा ठिपका उठतो आणि कोऱ्या लाकडात हळद मुरली तर निघत नाही. बोटे दस्त्याच्या तेलवलेल्या भागावर लावावीत, नळीवर फूल आणि आपट्याचे पान ठेवावे, आणि सोने लुटायला बाहेर पडण्यापूर्वी कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा हात देऊन बंदूक कपाटात ठेवावी.